‘इन्फिनिट विज्डम’ साहेबांना म्हणावं का?

वाचकाचं पत्र:

“सर, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळा जिल्हा परिषदेची, घरात अहिराणी, इंग्रजीशी खरी गाठ पडली ती कॉलेजात. आता अमळनेरला एका बँकेच्या शाखेत आहे. आमचे मॅनेजर साहेब तामिळनाडूचे, त्यांची बदली झाली आहे. माणूस फार चांगला. जूनमध्ये पीक कर्जाची गर्दी उसळली की केबिन सोडून आमच्या काउंटरमागे खुर्ची टाकून बसायचे. मराठी येत नसताना शेतकऱ्याचा सातबारा हातात घेऊन ‘हे काय, ते काय’ विचारत राहायचे. निरोपाचं इंग्रजी भाषण माझ्या गळ्यात पडलं. त्यांच्याकडून खूप शिकलो हे सांगायचं, म्हणून डिक्शनरीतून ‘विज्डम’ हा शब्द काढला आणि लिहिलं: ‘सर, यू गेव्ह अस मेनी विज्डम्स. यू आर अ मॅन ऑफ बिग विज्डम. इन युवर इन्फिनिट विज्डम, यू चेंज्ड अवर लंच टाइम. वी विल ऑलवेज फॉलो युवर कन्व्हेन्शनल विज्डम.’ धुळ्याहून अपडाउन करणारा आमचा सहकारी ते वाचून पोट धरून हसला, वर फोटो काढून ग्रुपवर टाकला. चूक काय, ते त्यालाही सांगता येईना. म्हणे, ‘असं म्हणत नाहीत.’ विज्डम म्हणजे शहाणपण, इन्फिनिट म्हणजे अनंत, मग बिघडलं कुठं? विज्डमबरोबर कोणकोणते शब्द चालतात त्याची यादी द्या, पाठच करून टाकते. की मराठी माध्यमवाल्यांना हे कधी जमतच नाही?”

उत्तर:

ताई, तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे आणि वागणं चूक. ग्रुपवर फोटो टाकण्याइतकं त्यात काही नव्हतं, आणि कारण सांगता येत नसेल तर हसायचं तरी कशाला. पण ‘असं म्हणत नाहीत’ हे त्याचं वाक्य सोडून देऊ नका. सगळी गोम त्यातच आहे.

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण तो तुम्हाला जास्त टोचलेला दिसतो. समजा, साहेबांनी जाता जाता मराठीत आभार मानायचं ठरवलं. त्यांनीही डिक्शनरी उघडली, आणि भर कार्यक्रमात हात जोडून तुम्हाला म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार शहाण्या आहात.” व्याकरण चोख, शब्दांचे अर्थ चोख, आणि अख्खी शाखा खुर्चीवरून खाली. कुठल्या शाळेत तुम्हाला शिकवलं होतं की ‘फार शहाणी’ हे कौतुक नाही, टोमणा आहे? दीड शहाणा हा एका शहाण्यापेक्षा कमी का, हे कोणत्या पुस्तकात वाचलंत? कुठंच नाही. आजी चुलीपुढं बसून कोणाला तरी तसं म्हणाली तेव्हा तिचा आवाज तुम्ही ऐकलात, बस्स. अगदी हेच ज्ञान इंग्रजीत तुमच्याकडं अजून नाही. ते माध्यमावर अवलंबून नसतं, कान किती वेळा भरले यावर असतं. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही ‘इन्फिनिट विज्डम’ला हमखास अडखळतात, हे मी पेपर तपासताना पुष्कळदा पाहिलंय.

जे. आर. फर्थ नावाचे एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात ते लाहोरला इंग्रजी शिकवत होते, पुढं लंडनला प्राध्यापक झाले. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, अशा अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं एक वाक्य भाषेच्या वर्गांत अजूनही सांगितलं जातं. या संगतीला कोलोकेशन म्हणतात. विज्डमच्या बाबतीत मला त्यात एक पुस्ती जोडाविशी वाटते. या शब्दाची संगत नुसती ठरलेली नाही, तर त्या शहाणपणावर बोलणाऱ्याचा विश्वास आहे की नाही, हेही ती सांगून टाकते. विज्डमचे निम्मे वाक्प्रचार कौतुकाचे आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत इंग्रज माणूस गालातल्या गालात हसत असतो. तुमच्या चारांपैकी दोन वाक्यं नेमकी त्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडलीत.

‘बिग विज्डम’ चटकन उरकतो. विज्डमला बिग, हाय, स्ट्राँग लागत नाही. ग्रेट लागतं, डीप लागतं. ‘अ मॅन ऑफ ग्रेट विज्डम’ म्हणा, काम झालं.

‘मेनी विज्डम्स’मध्ये थोडं जास्त आहे. विज्डम मोजता येत नाही. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर यांच्याच पंगतीतला तो शब्द. मोजायचाच झाला तर पुढं दुसरं काही लावावं लागतं: ‘अ पीस ऑफ विज्डम’, ‘वर्ड्स ऑफ विज्डम’. यातला ‘वर्ड्स’ बहुतेक वेळा अनेकवचनी. सल्ल्याला ‘अ वर्ड ऑफ ॲडव्हाइस’ चालतं, पण शहाणपणाला ‘अ वर्ड ऑफ विज्डम’ फारसं कोणी म्हणत नाही. गॅदरिंगचं सूत्रसंचालन इंग्रजीत असलं की पाहुण्यांना ‘टू शेअर हिज वर्ड्स ऑफ विज्डम’ अशी विनंती होतेच. चूक काही नाही, फक्त घासून घासून गुळगुळीत झालंय. ‘पर्ल्स ऑफ विज्डम’पासून मात्र जपून. मोती म्हटले की आपल्याला बरं वाटतं, पण इंग्रजीत हे पुष्कळदा फुकटचे उपदेश पाजणाऱ्याबद्दल म्हणतात. सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर येतात ते पर्ल्स.

राहिलं ‘गेव्ह’. विज्डम ‘गिव्ह’ करतो तो बहुधा देव. प्रार्थनेत ‘गिव्ह मी विज्डम’ शोभतं. माणूस ती ‘शेअर’ करतो, ‘पास ऑन’ करतो, भारदस्त लिहायचं तर ‘इम्पार्ट’ करतो. ‘डिस्पेन्स’ही सापडेल, पण ते कंपाउंडरनं पुडीत गोळ्या बांधून द्याव्यात तसं वाटप असतं, त्यात किंचित थट्टा येते. मिळवणाऱ्याच्या बाजूनं ‘गेन’ किंवा ‘ॲक्वायर’. ‘विज्डम’ला कधीच ‘अ’ लागत नाही असं मात्र सरसकट धरू नका. ‘शी स्पोक विथ अ विज्डम बियाँड हर इयर्स’ हे अगदी शुद्ध: वयाच्या मानानं फार समजूतदारपणे बोलली. पण हे लहानांबद्दल. साहेबांच्या निरोपात घातलंत तर ते बिचारे स्वतःचं वय मोजत बसतील.

आता ‘इन युवर इन्फिनिट विज्डम’. मूळ हा वाक्प्रचार देवाबद्दलचा. त्याचं शहाणपण अथांग, आपल्या बुद्धीला न झेपणारं, म्हणून त्यानं जे केलं ते का केलं हे विचारायचं नाही. चर्चमध्ये ही श्रद्धा आहे. पण हेच शब्द सरकार, खातं, साहेब, कमिटी यांना लावले की त्याचा टोमणा होतो, कारण मग अर्थ असा निघतो की यांनी हे का केलं ते देवालाच ठाऊक. ‘द डिपार्टमेंट, इन इट्स इन्फिनिट विज्डम, डग अप द रोड अ वीक आफ्टर इट वॉज टार्ड.’ डांबर पडून आठवडा झाला नाही तोच खात्यानं रस्ता खोदला. असल्या वाक्यात हा वाक्प्रचार घरच्यासारखा नांदतो. ‘इन्फिनिट’ काढून नुसतं ‘इन हिज विज्डम’ ठेवलं तरी त्याची धार जात नाही. म्हणजे तुमच्या वाक्याचा इंग्रजीतला अर्थ असा झाला: साहेब, काय अक्कल पाजळलीत आणि आमची जेवणाची वेळ बदललीत! ती वेळ बदललेली तुम्हाला आवडली होती की नाही, ते पत्रात नाही. आवडली नसेल, तर वाक्य आहे तसंच ठेवा.

‘कन्व्हेन्शनल विज्डम’ची गंमत याहून बारीक. तुम्ही कन्व्हेन्शनलचा अर्थ परंपरेतला, मुरलेला असा धरलात, आणि आपल्याकडं तो मानाचा. इंग्रजीत मात्र ‘कन्व्हेन्शनल विज्डम’ म्हणजे सगळे मानतात म्हणून खरं धरलेलं मत. जॉन केनेथ गालब्रेथ या अर्थतज्ज्ञानं १९५८ साली हा शब्द गाजवला. तेच पुढं १९६१ ते १९६३ अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. लोकांना जे ऐकायला सोयीचं आणि ओळखीचं वाटतं तेच त्यांना खरं वाटू लागतं, असा त्यांचा रोख. तेव्हापासून कोणी ‘कन्व्हेन्शनल विज्डम’ म्हणून सुरुवात केली की ऐकणारा सावरून बसतो. पुढं ‘बट’ येणार, हे त्याला माहीत असतं.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. रावेर-यावलच्या पट्ट्यात एके काळी केळीला मोकाट पाणी द्यायचं, वाफे तुडुंब भरायचे, नाहीतर घड पोसत नाही, असं सगळेच धरून चालायचे. मग ठिबक आलं. थेंबाथेंबानं मुळाशी पाणी, आणि तरी घड भरतो, हे शेजारच्याच्या बांधावरून लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. हे इंग्रजीत असं उतरतं: ‘कन्व्हेन्शनल विज्डम हेल्ड दॅट बनाना नीडेड फ्लड इरिगेशन. ड्रिप प्रूव्ह्ड इट राँग.’ यातलं क्रियापद बघा. कन्व्हेन्शनल विज्डम ‘होल्ड्स दॅट’, ‘हॅज इट दॅट’, ‘सेज दॅट’. आणि माणूस तिचं काय करतो? तिला ‘चॅलेंज’ करतो, ‘डिफाय’ करतो, ‘कॉन्ट्ररी टू कन्व्हेन्शनल विज्डम’ म्हणत उलट काहीतरी सांगतो. ‘फॉलो’ करणारे असतात, पण ते सांगायला कोणी माइक हातात घेत नाही. ‘रिसीव्ह्ड विज्डम’ ही हिचीच सख्खी बहीण. स्वभाव तोच, फक्त ब्रिटिशांच्या तोंडी जास्त. शाखेतली रुळलेली पद्धत जिनं मोडली, अशी साहेबांची एखादी गोष्ट असेल तर हा वाक्प्रचार त्या गोष्टीत फार खुलेल. केबिन सोडून काउंटरवर बसणं ही तशीच आहे, त्याकडं येतो.

गर्दीच्या शहाणपणाबद्दल इंग्रजी इतकी संशयी असताना ‘विज्डम ऑफ क्राउड्स’ मात्र कौतुकाचा, हेही जाता जाता सांगतो. त्यामागची गोष्ट आपल्या बाजारात शोभणारी आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर भरेल ते वजन ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं नंतर त्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या. वाचता येण्याजोग्या निघाल्या ७८७. सगळे अंदाज चढत्या क्रमानं लावले तर मधोमध आकडा आला १२०७ पौंड, आणि खरं वजन होतं ११९८. अंदाज बांधणाऱ्यांत कसाई आणि शेतकरी होते, तसे नुसते हौशे-गवशेही होते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याभोवती जमून किंमत सांगणारी माणसं आठवा. एकेकटा चुकतो, पण सगळ्यांचं मिळून आश्चर्य वाटावं इतकं जमून जातं. गाल्टननं मात्र तेव्हा हा शब्द वापरला नव्हता, तो अलीकडं रुळला. ‘कलेक्टिव्ह विज्डम’ही चांगल्या अर्थाचा, फक्त थोडा सभागृहाच्या भाषेतला.

तुम्हाला कामात खरोखर लागणारा एक वाक्प्रचार मात्र कोणी शिकवत नाही: ‘क्वेश्चन द विज्डम ऑफ’. इथं विज्डम म्हणजे माणसाचं शहाणपण नाही, निर्णय बरोबर होता की नाही एवढंच. ‘आय वुड क्वेश्चन द विज्डम ऑफ क्लोजिंग द कॅश काउंटर ॲट टू ऑन बाजार डे.’ बाजाराच्या दिवशी दोनला कॅश बंद करणं मला पटत नाही. कोणाला मूर्ख म्हटलं नाही, आणि सांगायचं ते सांगून झालं. ‘डाउट द विज्डम ऑफ’ तसंच. उलट बाजूनं, पटलं असेल तर ‘आय सी द विज्डम ऑफ दॅट’. प्रादेशिक कार्यालयाला मेल लिहिताना हे हाताशी ठेवा. ‘ऑफ’च्या पुढं नाम तरी घाला किंवा क्रियापदाला ‘इंग’ लावा, नाहीतर वाक्य लंगडतं.

हाच घोळ आपल्याकडं आणखी एका ठिकाणी ठरलेला: बहिणाबाईंवर इंग्रजीत दोन शब्द बोलायचे असतात तेव्हा. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळाल्यापासून असे प्रसंग वाढलेत. बोलणारा बहुतेक वेळा ‘फोक विज्डम’ म्हणून मोकळा होतो. मला ते पटत नाही. फोक विज्डम म्हणजे कोणा एकाची नसलेली, म्हणी-उखाण्यांतून वाहत आलेली समजूत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं, पण ओवी त्यांची स्वतःची होती. दुसऱ्यांनी ती कागदावर उतरवली आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकात आली. नाव-गाव असलेल्या कवयित्रीला गर्दीत कशाला ढकलायचं? ‘होमस्पन विज्डम’ही टाळा. घरी कातलेल्या सुतावरून आलेला शब्द, आपल्या कापसाच्या मुलखात गोडही वाटतो, पण त्यात शहरातल्या माणसानं पाठीवर थाप मारल्याचा सूर आहे. साधं ‘द विज्डम ऑफ हर पोएम्स’ म्हणावं.

यादी मी देणार नाही. कंजूषपणा नाही, यादीत ‘ग्रेट’ आणि ‘इन्फिनिट’ एकाच ओळीत शेजारी बसतात, आणि पाठ करणारा त्यातला कोणताही उचलतो. तुमचं नेमकं तेच झालं. विज्डमसारखा शब्द वाचनात आला की वहीत अख्खं वाक्य उतरवा आणि बाजूला एकच खूण करा, बोलणारा मनापासून बोलतोय की टोमणा मारतोय. वाक्य कुठून आणायचं? शिकणाऱ्यांसाठीचे ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमनचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यात अर्थाची ओळ सोडा आणि खालची उदाहरणं वाचा. कोशवाल्यांची खरी मेहनत तिथं असते. काही ठिकाणी ‘ह्यूमरस’ अशी बारीक नोंदही सापडते. आपण ती कधी वाचत नाही.

भाषणाकडं वळू. त्यात विज्डम एकदाच येऊ द्या. चार वाक्यांत चार वेळा आल्यावर अस्सल वाक्प्रचारसुद्धा ओशाळवाणा वाटतो. आणि तो एकदा आणायचा तर ‘हॅड द विज्डम टू’ हा साचा घ्या, कारण त्याच्या पुढं क्रियापद लागतं आणि साहेबांनी काय केलं ते सांगावंच लागतं. पत्रात तुम्ही मराठीत लिहिलेला काउंटरमागच्या खुर्चीचा प्रसंग भाषणाच्या चारही वाक्यांपेक्षा सरस आहे. तोच इंग्रजीत आणा:

‘सर, एव्हरी जून, ड्युरिंग द क्रॉप लोन रश, यू लेफ्ट युवर केबिन अँड सॅट विथ अस ॲट द काउंटर. यू कुड नॉट रीड द सातबारा, सो यू आस्क्ड द फार्मर. कन्व्हेन्शनल विज्डम सेज अ मॅनेजर शुड हॅव ऑल द आन्सर्स. यू हॅड द विज्डम टू आस्क.’

बघा, दोन विज्डम झाले. एकदाच म्हणालो होतो, पण इथं पहिला दुसऱ्यासाठी पायघड्या घालतोय, म्हणून राहू दिला. जड वाटलं तर मधलं वाक्य गाळा, शेवटच्याला हात लावू नका. ‘सातबारा’ तसाच ठेवा. साहेबांनी तो इतक्या वेळा हातात धरलाय की भाषांतर केलंत तर त्यांनाच परका वाटेल. जेवणाच्या वेळेबद्दल आभार मानायचेच असतील तर ‘थँक यू फॉर चेंजिंग अवर लंच टाइम’ पुरे. तिथं शहाणपणाची गरज नाही.

आणि उच्चार. ‘वाइज’मधला ‘वाइ’ विज्डममध्ये येत नाही, तिथं ऱ्हस्व ‘वि’ आहे. मधला एस ‘स’ नाही, ‘झ’च्या जवळचा. आपल्याकडं सर्रास ‘विस्डम’ ऐकू येतं, तेवढं टाळा. ‘हॅड द विज्डम टू आस्क’ म्हणताना जोर ‘आस्क’वर द्या आणि त्याआधी क्षणभर थांबा. आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघा, अडलात तर वाक्य छोटं करा. पत्रासोबत पाठवलेला बाकीचा मजकूर ठीक आहे, फक्त दुसऱ्या परिच्छेदात ‘रिव्हर्ट बॅक’मधला ‘बॅक’ काढा.